एकदा तिसऱ्या नंबरवर

सकाळी जाग आली की हेमराज सोनकुसरेला आधी अंगाची हजेरी घ्यावी लागे. उजवा खांदा आहे का? आहे, आणि दुखतोय. डावा गुडघा? तोही आहे, रुसलेला. कंबरेचं नाव पुकारायच्या आधीच ती ओ देई. मग भिंतीकडे कूस वळवून, डाव्या हाताचा रेटा देऊन तो उठे आणि पलंगाच्या कडेला थोडा वेळ नुसता बसून राही. वय एकोणचाळीस. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीतली त्याच्या बरोबरीची माणसं मजेत पोटं सुटू देऊन तलावाला चक्कर मारायला निघत. हा मात्र मिसरूड फुटल्यापासून लोकांसाठी बॉल टाकून आणि लोकांसाठी बॅट फिरवून अशा थराला आला होता की उजव्या हातानं केस विंचरता येत नसत. भांग हर्षा पाडून देई.

“अन् मॅचमंदी हाच हात वर कसा जाते तुमचा?” ती विचारी.

“बॉलिंगच्या वेळेस तो अलग रस्त्यानं जाते.”

हर्षा बालवाडीत शिकवायची. दिवसभर तीस पोरांच्या थापा ऐकणाऱ्या बाईला नवऱ्याची एक थाप काही जड नव्हती. पण त्या सोमवारी भांग पाडता पाडता तो म्हणाला, “रविवारची फायनल झाली का मी बंद.”

“मागच्या साली बी बंद झाले होते तुमी.”

“आता पक्कं.”

“बरं,” ती म्हणाली आणि कंगवा ठेवून डबा भरायला गेली. तिचा विश्वास बसला नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. ज्यांचे फोटो पेपरात येतात ते खेळाडू निवृत्ती जाहीर करतात, रडतात, मैदानाला फेरी मारतात. हेमराजच्या पातळीवर असलं काही नसतं. तिथे एका वर्षी फोन येत नाही, एवढंच. हेमराजला तो न येणारा फोन नको होता. आपण होऊन थांबायचं, हे त्यानं ठरवलं होतं. आणि थांबायच्या आधी त्याला एक गोष्ट हवी होती, जी त्यानं हर्षालाही सांगितली नव्हती. त्याला ती शेवटची मॅच तिसऱ्या नंबरवर खेळायची होती.

क्रिकेटशी ज्यांचा संबंध नाही त्यांना यात विशेष वाटायचं नाही. तर सांगायला हवं की दोन सलामीवीर नव्या बॉलच्या तोंडी दिले जातात, आणि त्यातला एक पडला की संघाचा सगळ्यात भरवशाचा बॅट्समन जातो. तो तिसरा. त्याला कुणी घाई करत नाही, कुणी काही सांगत नाही. डाव त्याचा असतो, तो मांडेल तसा. हेमराज बाकी सगळीकडे खेळला होता. ओपनरला ताप आला म्हणून पहिला गेला होता. पाचवा, सहावा, सातवा, आठवा हे तर त्याचं रोजचं बिऱ्हाड. संध्याकाळी उजेड कमी झाला आणि चांगल्या बॅट्समनला वाचवायचं असलं की याला पुढे ढकलत. एकदा बोट मोडलेलं असताना अकरावा गेला आणि दुसऱ्याचं शतक पुरं होईपर्यंत उभा राहिला. फक्त तिसरा कधी गेला नाही. का नाही, त्याला कारण होतं, आणि ते त्याच्या घरातच जन्मलं होतं.

घर विणकरांचं. वडील ईश्वरदास हातमागावर पातळं विणत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात बापाचे पाय, आणि दिवसभर खटखट. आई भागीरथा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत इतवारीच्या बाजारातला शेठ द्यायचा आणि विणलेलं पातळही तोच घ्यायचा. पातळ घेऊन बाप जायचा तेव्हा पोरगा सोबत असायचा. शेठ गादीवरून विचारायचा, “ईश्वर, इस बार क्या बुनेगा? नौवार करेगा या छे वार?” आणि ईश्वरदास दोन्ही हात पोटाशी धरून म्हणायचे, “जे लागन ते, शेठ.” त्यात लाचारी कमी आणि हुशारी जास्त होती. मी फक्त नऊवार विणतो असं म्हणणाऱ्या विणकराला नऊवारचा हंगाम संपला की शेठ सूत देत नसे. जो सगळं विणतो त्याचा माग थांबत नाही. हेमराज हे शाळेत शिकायच्या आधी शिकला. पुढे पॉवरलूमनं शेठलाही खाल्लं आणि मागालाही खाल्लं. पण पोराच्या अंगात मुरलं ते मुरलंच.

अठराव्या वर्षी तो विदर्भाच्या शिबिरात गेला. बॉल आत आणायचा, बॅट सरळ चालायची, पाय हलके होते. निवड समितीतले एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. माणूस चांगला होता. त्यांनी मनापासून विचारलं, “बाळ, तुझं खरं काम कुठलं? बॅटिंग की बॉलिंग? तुला कुठे खेळायचंय?”

हेमराजला तिसऱ्या नंबरवर खेळायचं होतं. रोज पहाटे तो तेच मनात घेऊन मैदानावर जात असे. त्यानं दोन्ही हात पोटाशी धरले आणि म्हणाला, “जे लागन ते, सर.”

गृहस्थांनी मान डोलावली. पोरगा समजूतदार आहे, असं त्यांना वाटलं असणार. आणि त्या दिवसापासून हेमराजला जे लागेल ते मिळत गेलं. इतवारीच्या गादीपुढे जे शहाणपण होतं ते खुर्चीपुढे खुळेपण ठरलं, पण ते समजायला त्याला पंधरा वर्षं लागली. संघ निवडताना पंधराजणांत त्याचं नाव पहिल्या पाचांत येई, कारण तो कशालाही चाले. मॅचच्या सकाळी अकराजणांत ते कधी येई, कधी नाही. बॅट्समन कमी पडला की तो बॅट्समन, बॉलर दुखावला की तो बॉलर, आणि कुणालाच काही झालं नाही की डोक्यावर टॉवेल घेऊन पाण्याच्या बाटल्या नेणारा बारावा. रणजीच्या मोजक्या मॅच त्याच्या नावावर लागल्या. त्यात एक सत्तर आहे, एकदा चार विकेट आहेत, आणि बाकी सगळी मधली भरती. विदर्भ तेव्हा हरायचा. हरणाऱ्या संघात मधली भरती कोण लक्षात ठेवतो?

तिशी उलटली तेव्हा ईशान्येकडच्या एका राज्यानं त्याला एका मोसमापुरतं बोलावलं. असा पैसे देऊन बाहेरून आणलेला खेळाडू तिकडे ‘प्रोफेशनल’ म्हणून ओळखला जाई. हर्षानं नव्या बॅगेवर त्याचं नाव लिहून दिलं. आता तरी तिसरा, असं म्हणत तो गेला. तिथल्या कोचनंही तेच विचारलं, आणि हेमराजच्या जिभेनं त्याला न विचारता तेच उत्तर दिलं. त्या संघाकडे बॅटिंग करणारे होते, बॉल टाकणारा कुणी नव्हता. मग हा एका बाजूनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाकत राहिला, वाऱ्याच्या विरुद्ध, जुन्या बॉलनं. मोसम संपायच्या आत खांदा गेला. परत आला तर इकडे त्याच्या जागी चुणचुणीत पोरं उभी होती, आणि त्यांना विचारलं की ती छातीवर हात ठेवून सांगत, मी ओपनर, मी लेगस्पिनर. हेमराजला त्यांचा राग यायचा. खरं म्हणजे राग स्वतःचाच यायचा, पण तो काढायला जागा नव्हती.

नंतर विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला. हेमराज घरी टीव्हीसमोर होता. गल्लीतली माणसं नाचत आत शिरली आणि म्हणाली, “हेमराजभाऊ, तुमी बी होते ना ह्या टीममंदी?” तो हो म्हणाला. होताच तो, टीम जिंकत नव्हती तेव्हा. त्यानं पेढे आणले, वाटले, स्वतःही खाल्ला. आणि सगळे गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. हर्षानं दार वाजवलं नाही.

एवढ्या खेळाच्या बदल्यात हाताला एक गोष्ट लागली, ती म्हणजे हिंगण्याच्या एका कारखान्यातली नोकरी. खेळाडू म्हणून घेतलेला माणूस, त्यामुळे काम स्टोअरमध्ये. मोसम असला की दुपारनंतर मैदानावर जायला सुटी, आणि हिवाळ्यात कंपन्यांच्या स्पर्धेत कारखान्याचा संघ जिंकवायचा. ते त्यानं इमानेइतबारे केलं. पण हल्ली मोटरसायकलवरून हिंगण्याला पोहोचेपर्यंतच तो थकलेला असे. नुसती झोप काढून हा थकवा जात नव्हता. कुणी त्याला उद्या काय खेळायचं ते सांगितलं की आधी त्याच्या मानेवर ओझं बसे आणि मग तो हो म्हणे.

तर तिसरा नंबर मागायचा होता, आणि तो प्रशिककडे होता. प्रशिक कारखान्याच्या संघाचा कॅप्टन, चोवीस वर्षांचा, लांबसडक हातांचा. स्वतः तिसऱ्या नंबरवर खेळायचा आणि तिथेच शोभायचा. फायनल पाहायला राज्याच्या संघाची निवड करणारे येणार, अशी हवा होती. म्हणजे हेमराजला आयुष्यात पहिल्यांदा काही मागायचं होतं, आणि तेही ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याच पोराकडून.

सोमवारी प्रॅक्टिसनंतर तो प्रशिकच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि विचारलं, “पिच कसं राहीन?” मंगळवारी विचारलं, “तुह्या ग्लोव्हची शिलाई उसवली का?” बुधवारी कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर दोघं तिखट रस्सा ओतलेले तर्रीपोहे खात होते. प्रशिकनं प्लेट खाली ठेवली.

“भाऊ, तुमाले काई बोलायचं आहे. तीन दिवसापासून पाहून राहिलो मी.”

“नाई गा.”

“बोला ना. घरी सब ठीक आहे?”

“ठीक आहे.” हेमराजनं तर्रीत पोहे कालवले, पुन्हा कालवले. “हे फायनल माही लास्ट आहे. मले एक पायजे होतं.”

“बोला.”

“तिसरा नंबर.”

टपरीवाल्यानं कढईत झारा आपटला. प्रशिक काही बोलायच्या आत हेमराजला वाटलं, आताच म्हणून टाकावं, जाऊ दे, मजाक केली. तोंड उघडलंही होतं.

“घ्या तुमी,” प्रशिक म्हणाला. “मी चारले जातो.” आणि मग, अगदी सहज, “इतके साल काहून नाई मांगला भाऊ?”

हेमराजनं पोह्यांची प्लेट उचलून तोंडाला लावली आणि तर्री पिऊन टाकली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, बरं झालं.

मग मात्र त्याला भीतीनं घेरलं. एवढी वर्षं नव्हतं ते बरं होतं. मला मिळालं असतं तर, असं म्हणता येत होतं. आता रविवारी मिळणार होतं.

रविवारी हर्षा सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवून मैदानावर घेऊन आली. ईश्वरदास पंचाहत्तरीला आलेले. माग मोडल्यावर त्यांनी कळमन्याच्या बाजारात हमालांची हजेरी लावायचं काम केलं, मग ते सुटलं आणि दारातल्या खुर्चीवर बसणं सुरू झालं. मुलाची एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती. पोरगा दिवसभर उन्हात काय करतो हे आपल्याला समजत नाही आणि समजून करायचं काय, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशी हर्षानं फक्त एवढंच म्हटलं होतं, “बाबा, हे आज म्हणून राहिले का शेवटचं. अन् मले खरं वाटून राहिलं.” ते टोपी घालून निघाले.

चाळीस ओव्हरची मॅच. प्रशिकनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. हेमराज पॅड बांधून बसला. तिसऱ्याच ओव्हरला एक ओपनर बोल्ड झाला, आणि पॅव्हेलियनमधले सगळे सवयीनं प्रशिककडे वळले. प्रशिकनं हातानं खूण केली. हेमराज उठला. पायऱ्या उतरताना गुडघ्यानं तक्रार केली, तिच्याकडे त्यानं कानाडोळा केला.

ऊन कोवळं होतं. बॉल लाल आणि नवा. समोरचा बॉलर बॉल कमरेएवढा उसळवत होता, आणि हेमराजची बॅट सरळ खाली आली, एकदा, दोनदा, पुन्हा. पाय जात होते. नजर होती. एक चेंडू त्यानं मिडऑनजवळून नुसता ढकलला आणि तो पार सीमेपर्यंत गेला. अंगावर काटा आला. अठराव्या वर्षाचा तो पोरगा आत कुठेतरी अजून होता तर! हर्षानं टाळ्या वाजवल्या त्या त्याला इथवर ऐकू आल्या.

पहिला अर्धा तास असा गेला. मग बॉलची चमक जरा उतरली, धावा थांबल्या, आणि हेमराजला काहीतरी खुपायला लागलं. काय ते आधी समजलं नाही. तो ओव्हर संपली की पॅव्हेलियनकडे बघत होता. आयुष्यभर तो क्रीजवर गेला की मागून निरोप यायचा. उभा राहा. मार. पाच ओव्हर काढ. समोरच्याला स्ट्राइक दे. तो निरोप घेऊन जाणं आणि घेऊन येणं यातच त्याची निम्मी जिंदगी गेली. आता निरोप येत नव्हता.

“संजीव,” त्यानं दुसऱ्या टोकाच्या ओपनरला मधे बोलावलं. “प्रशिक काई बोल्ला का? काय पायजे?”

“काईच नाई भाऊ. तुमी खेळा ना मस्त.”

मस्त म्हणजे कसं? हेमराज परत जाऊन उभा राहिला. बॉल आला, सोडावा की खेळावा? पूर्वी हा प्रश्न त्याला पडत नसे. काय लागतं ते माहीत असलं की सोडायचं काय आणि खेळायचं काय ते हात आपोआप ठरवत. आता प्रत्येक बॉलला त्यालाच ठरवायचं होतं. ठरवलं की ते बरोबर आहे का, हे सांगायला कुणी नव्हतं. पाणी आलं तेव्हा त्यानं बाराव्या गड्याला अगदी हळू विचारलं, “काई निरोप?”

“निरोप नाई भाऊ. ग्लोव्ह बदलता का?”

आपल्याला हे येत नाही, हे हेमराजला तेव्हा समजलं. बॅट चालत होती, डोळे ठीक होते. पण स्वतःचा डाव मांडणं ही एक वेगळी विद्या असते, आणि ती विशीत शिकायची असते, चुका करून, बाद होऊन, लोकांच्या शिव्या खाऊन. तो ती कधी शिकलाच नव्हता. पांढऱ्या टोपीतल्या त्या गृहस्थांनी त्याला फसवलं नव्हतं, कोचनं नव्हतं, कुणीच नव्हतं. इतकी वर्षं ज्याचा हक्क मारला गेला म्हणून तो कुढत होता तो तिसऱ्या नंबरचा हेमराज कुठे नव्हताच. व्हायला हवा होता, झाला नाही. ऊन चढत गेलं तसा खांदा नाही, गुडघा नाही, त्याचं डोकं थकलं. इतका थकवा त्याला दिवसभर बॉल टाकूनही आला नव्हता.

तरी तो उभा राहिला. हे मात्र सांगायलाच हवं. निरोप नाही म्हणून त्यानं बॅट फेकली नाही. चुकतमाकत, अडखळत तो स्वतःचंच खेळला. एकदा उगाच पुढे सरसावला आणि वाचला. एकदा मारायचा बॉल नुसता अडवला आणि स्वतःवरच चिडला. शेवटी एका साध्या, आखूड बॉलला मारू की नको या विचारात बॅट अर्धवट गेली आणि शॉर्ट कव्हरला कॅच गेला. तेवीस धावा. येताना त्यानं वर पाहिलं नाही. वाटेत प्रशिकनं पाठीवर थाप मारली आणि हेल्मेट चढवत आत गेला.

प्रशिकनं काय बॅटिंग केली! बॉल जुना आणि मऊ झाला होता, मुख्य बॉलर दमले होते, आणि तो पोरगा लांबसडक हात मोकळे करून खेळला. नव्वदीच्या घरात नाबाद राहिला. दुपारनंतर हेमराजनं मधल्या ओव्हर टाकल्या, प्रशिकनं सांगितल्या त्या टोकाकडून, प्रशिकनं लावलेल्या फील्डवर. त्याला एक विकेटही मिळाली. ते काम झोपेतही झालं असतं. कारखाना जिंकला.

बक्षीस समारंभाला टेबलावर निळं कापड घातलं होतं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी हेमराजला शाल घातली, नारळ दिला. मग प्रशिकनं माइक घेतला.

“लोकं म्हणतीन मी रन केले,” तो म्हणाला. “पण मी सांगतो ते खरं काय आहे ते. नवा बॉल होता, बॉलर फ्रेश होते, अन् आमचे हेमराजभाऊ स्वतःहून मले बोल्ले का मी तिसरा जातो. आपल्या लास्ट मॅचमंदी! मले वाटलं भाऊची हौस आहे, आज समजलं. माही विकेट वाचावी म्हणून. सारा मार आपल्या अंगावर घेतला, बॉल जुना करून देल्ला, अन् मंग मले आत पाठोलं. असा माणूस पुन्हा नाई भेटत, बावा.”

टाळ्या वाजल्या. माणसं उभी राहिली. संजीवनं शिट्टी मारली. खुर्चीतले दोन पाहुणे, तेच निवड करणारे असावेत, एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. हेमराज शाल सावरत तिथे उभा होता. आयुष्यात एकच गोष्ट त्यानं स्वतःसाठी मागून घेतली होती. ती नीट जमली नव्हती, पण ती त्याची होती, आणि तीही आता सगळ्यांनी उचलून प्रशिकच्या पानात वाढली होती. प्रशिकचा त्यात काही दोष नव्हता. वीस वर्षं ‘जे लागन ते’ म्हणत आलेल्या माणसाबद्दल दुसरं कुणी काय समजणार?

माइक त्याच्या हातात आला. काही न बोलता हात जोडले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

“प्रशिक चांगला पोरगा आहे,” तो म्हणाला. “पण तसं नाई आहे. मी कोणासाठी नाई गेलो. मले जायचं होतं म्हणून गेलो. माह्यासाठी गेलो होतो मी.”

मग कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ सगळे हसले, प्रेमानं, कौतुकानं. “पाहा, आताबी क्रेडिट नाई घेत माणूस!” मोठे साहेब म्हणाले. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात वाजल्या. हेमराजनं माइक टेबलावर ठेवून दिला.

नंतर सगळे फोटोंसाठी पिचकडे गेले. हर्षा स्कूटी काढायला गेली होती. मैदानाच्या कडेला, सिमेंटच्या पायऱ्यांवर ईश्वरदास एकटे बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. हेमराज त्यांच्या बाजूला जाऊन बसला. बूट सोडायला वाकला, पण हात लेसपर्यंत जाईना.

ईश्वरदासांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तुले कोणी सांगतलं नोतं? तिसरा जा म्हणून?”

“नाई बाबा.”

“तुह्या मनानं गेला होता?”

“हाव.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. पायरीवरून सावकाश खाली उतरून ते मुलासमोर मातीत उकिडवे बसले आणि त्याच्या बुटाची लेस सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, पण सुताची गाठ त्या बोटांना नवी नव्हती.

“मंग लय थकला असशीन गा,” ते म्हणाले.

बापाच्या खांद्यावर हात ठेवून हेमराज रडत राहिला, आणि ईश्वरदास दुसऱ्या बुटाची लेस सोडत राहिले.